धागा: गोव्यात ‘कंट्रोल्ड’ औषधं बनवायची, पुरवायची तर लायसन नेमकं कोण देतं?

शेडवाला_कुंडई
सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बारा वर्षं वेर्ण्यात एका औषध कंपनीत क्यूएमध्ये (मालाचा दर्जा बघणारं खातं) काढली, आता मेव्हण्याबरोबर भागीदारीत कुंडईला शेड बघितलाय, लीजचे कागद व्हायचेत. गोळ्यांची एकच लाइन, मोठी स्वप्नं नाहीत. डोक्यात तीन प्रॉडक्ट आहेत, एक सर्दीची गोळी ज्यात स्युडोएफेड्रिन असतं ती, दुसरं अल्प्राझोलम, आणि पुढेमागे जमलं तर केटामाइन इंजेक्शन कारण हॉस्पिटलला ते लागतंच. पैसे घालणारा तिसरा माणूस न्यू जर्सीला असतो, मेव्हण्याचा चुलतभाऊ, त्याने तिकडची एक चेकलिस्ट पाठवली, आधी ‘स्टेट कंट्रोल्ड सबस्टन्स लायसन’ मग फेडरल. आणि रोज रात्री फोन करून विचारतो की गोवा स्टेटचं ते लायसन किती दिवसांत येईल. मी बांबोळीला एफडीएच्या (अन्न-औषध प्रशासनाच्या) बाहेर एकाला विचारलं, तो म्हणाला असलं लायसनच नाही. दुसरा म्हणाला एक्साइजला जा. तिसऱ्याने ग्वाल्हेरचं नाव घेतलं, मला वाटलं चेष्टा करतोय. कोणी अनुभवी असेल तर सांगा.

शिमगो_बाराही_महिने
सोमवार, रात्री १०:५१

ग्वाल्हेरला जा, येताना पेठा घेऊन या 😀

पेढ्यांची_आई
सोमवार, रात्री १०:५८

पेठा आग्र्याचा हो. असो, शेडवाले, चेष्टा नाही ती. नार्कोटिक्स कमिशनरचं ऑफिस ग्वाल्हेरलाच आहे. आमच्या घरात एकजण अफूच्या शेतीच्या लायसनबद्दल वाचत असतो म्हणून माहीत. पुढचं जाणकार सांगतील.

फाइलवाला_काका
सोमवार, रात्री ११:३०

शेडवाले बाब, तुमची अडचण लायसनची नाही, शब्दाची आहे. पंचवीसेक वर्षं ह्याच फाइली उचलतोय म्हणून थोडं लांबण लावतो.

अमेरिकेत ‘कंट्रोल्ड सबस्टन्स’ म्हटलं की मॉर्फिनपासून अल्प्राझोलमपर्यंत सगळं आलं. आपल्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात, त्याच शब्दाचा अर्थ वेगळाच आहे. आपल्याकडे तीन पेट्या. पहिली नार्कोटिक ड्रग, त्यात अफू, मॉर्फिन, कोडीन, गांजा, कोका वगैरे. दुसरी सायकोट्रॉपिक, त्यात अल्प्राझोलम, डायझेपाम, २०११ पासून केटामाइन, २०१८ पासून ट्रॅमाडॉल. आणि तिसरी पेटी ‘कंट्रोल्ड सबस्टन्स’, म्हणजे स्वतः नशा नव्हे पण नशेचा माल बनवायला लागणारं केमिकल. अॅसेटिक अॅनहायड्राइड, एफेड्रिन, आणि तुमचं स्युडोएफेड्रिन.

म्हणजे कसं झालं बघा, ज्या अल्प्राझोलमला तुम्ही घाबरताय ते आपल्या कायद्यात कंट्रोल्ड सबस्टन्स नाहीच, आणि जी सर्दीची गोळी तुम्ही सोपी म्हणून पहिली लिहिलीत तिच्यातली पावडर मात्र आहे. बाहेर भेटलेला पहिला माणूस खोटं बोलला नाही. गोवा स्टेटचं कंट्रोल्ड सबस्टन्स लायसन नावाचा कागद नाही. ह्या तिसऱ्या पेटीवर २०१३ ची केंद्राची ऑर्डर आहे, तिचा युनिक रजिस्ट्रेशन नंबर एनसीबीच्या (केंद्राच्या नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोच्या) झोनल डायरेक्टरकडून घ्यायचा, राज्य त्यात कुठेच येत नाही. नंबर नसेल तर पावडर विकत घेता येत नाही, ठेवता येत नाही, वापरता येत नाही. विकणारा तुमच्याकडून कशाला हवंय ते लिहून घेतो, दर तिमाहीला रिटर्न भरायचं, ड्रम कमी भरला किंवा चोरीला गेला तर कळवायचं. चुकलं तर कलम २५ए, दहा वर्षांपर्यंत.

सायकोट्रॉपिकचं उद्या लिहितो, डोळे मिटतायत.

जर्सीवाली_साखळीची
मंगळवार, सकाळी ६:१५ (माझी संध्याकाळ)

मी साखळीची, आता इथे न्यू जर्सीत फार्मसिस्ट आहे. ती चेकलिस्ट चुकीची नाही फक्त ती इथली आहे. इथला कायदा १९७० चा, पाच शेड्यूल, आणि पद्धत अशी की राज्याची परवानगी हातात असल्याशिवाय डीईए (इथली केंद्राची अमली पदार्थांची एजन्सी) रजिस्ट्रेशन देतच नाही. न्यू जर्सीत राज्याचं सीडीएस (कंट्रोल्ड डेंजरस सबस्टन्स) रजिस्ट्रेशन वेगळं काढावं लागतं, सगळ्या राज्यांत असं वेगळं नसतं, काही ठिकाणी फार्मसीच्या किंवा डॉक्टरच्या लायसनवरच भागतं. कंपनीवाल्यांचा डीईएचा फॉर्म २२५ आणि तो दर वर्षी, आम्हा दुकानवाल्यांचा २२४ आणि तो तीन वर्षांनी. शेड्यूल दोनचा माल मागवायला २२२ फॉर्म वेगळा. आणि कंपनीने शेड्यूल एक दोनचं किती बनवायचं त्याचाही वर्षाचा कोटा डीईए ठरवतं.

गंमत म्हणजे काकांनी सांगितलं त्याच्या बरोब्बर उलट इथे आहे. अल्प्राझोलम इथे शेड्यूल चारचं कंट्रोल्ड सबस्टन्स. स्युडोएफेड्रिन मात्र नाही, ते ‘लिस्टेड केमिकल’. तरी काउंटरच्या मागेच ठेवावं लागतं, आयडी बघून वहीत सही घ्यायची, एका दिवसात ३.६ ग्रॅम आणि महिन्यात ९ ग्रॅमच्या वर एका माणसाला द्यायचं नाही. माझ्या पहिल्या आठवड्यात एक आजोबा केवढे चिडले होते, नाक चोंदलंय आणि तू लायसन मागतेस म्हणून.

चुलतभावाला सांगा फोन जरा कमी करायला.

शेडवाला_कुंडई
मंगळवार, सकाळी ८:०५

देव बरें करूं दोघांचं. माझी तर झोपच उडाली, सगळ्यात सोपं म्हणून सर्दीची गोळी पहिल्या नंबरवर टाकलेली. काका, सायकोट्रॉपिकची वाट बघतोय. एक्साइजचं काय पण?

फाइलवाला_काका
मंगळवार, दुपारी १:२०

जेवून बसलोय, ऐका.

अल्प्राझोलम. एनडीपीएस नियम ६५ म्हणतो की सायकोट्रॉपिक बनवायचं ते ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स नियमांच्या लायसनखाली. म्हणजे तुमचं नेहमीचं फॉर्म २५, बांबोळीच्या एफडीएकडून, त्यावर प्रॉडक्ट परमिशन. एनडीपीएसचं म्हणून वेगळं राज्याचं लायसन नाही. नियम ६५ए म्हणतो की विकणं, घेणं, वापरणं हेही त्याच नियमांप्रमाणे. त्यामुळे लोकांना वाटतं अरे हे तर साध्या औषधासारखंच, एनडीपीएस कुठे लागला. इथेच माणसं बुडतात. ड्रग्ज कायद्याचं लायसन हा तुमचा एनडीपीएसमधून सुटायचा दरवाजा आहे, दरवाजाच्या बाहेर पाय पडला की अंगावर थेट एनडीपीएस. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने हे स्पष्टच केलंय.

आता आकडा सांगतो तो लिहून भिंतीवर लावा. अल्प्राझोलमची कमर्शियल क्वांटिटी १०० ग्रॅमच्या वर. तुम्ही म्हणाल अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत १०० ग्रॅम व्हायला दोन लाख गोळ्या लागतील. नाही. २०२० च्या हीरा सिंग निकालानंतर औषध किती ते बघत नाहीत, मिश्रणाचं सगळं वजन धरतात, स्टार्च लॅक्टोज सगळं. गोळी १०० मिलिग्रॅमची असेल तर हजार गोळ्यांत १०० ग्रॅम झाले. प्रत्यक्ष अल्प्राझोलम किती, अर्धा ग्रॅम. त्यावर एक गोळी जास्त आणि कागद नसेल तर दहा ते वीस वर्षं आणि कलम ३७ मुळे जामीन जवळजवळ नाही. एक बॉक्स, बाबा. ट्रान्सपोर्टवाल्याने चुकीच्या गाडीत टाकलेला एक बॉक्स.

म्हणून माल बाहेर पाठवताना फॉर्म ६ ची कन्साइनमेंट नोट, तीन प्रती, दोन मालाबरोबर, त्यातली एक घेणाऱ्याने शेरा मारून परत पाठवायची. ती परत येत नाही तोवर मी तरी झोपत नाही. दोन वर्षं जपायची. पत्रादेवीच्या नाक्यावर गाडी थांबली की ड्रायव्हरच्या हातात इन्व्हॉइसबरोबर हा कागद असला पाहिजे, ‘मेलवर आहे साहेब’ चालत नाही.

केटामाइन. पहिली गोष्ट, गोळ्यांच्या लाइनवर इंजेक्शन निघत नाही हे तुम्हाला क्यूएवाल्याला मी सांगायचं का 😀 दुसरी, ते शेड्यूल एक्स, म्हणजे ड्रग्ज नियमांतली कडक बंधनांची यादी. फॉर्म २५ चालणार नाही. शेड्यूल एक्सला २५-एफ, पण इंजेक्शन शेड्यूल सीमध्ये बसतं म्हणून २८-बी. आणि तुमच्यासारखे नवे लोक विचारतात की दुसऱ्याच्या प्लँटमध्ये लोन लायसनवर काढू, तर शेड्यूल एक्सला लोन लायसनच नाही, २५-ए आणि २८-ए दोन्हीतून ते वगळलंय. माल कुलपात, जबाबदार माणसाच्या ताब्यात, आणि कोणाला किती विकलं त्याचं स्टेटमेंट दर तीन महिन्यांनी लायसन देणाऱ्याकडे.

त्यातून नवीन शेड्यूल एमसुद्धा (कारखाना कसा असावा, माल कसा बनवावा त्याचे नियम) आलंय, छोट्या युनिटांना दिलेली मुदत २०२५ च्या अखेरीपर्यंतच होती. शेड बघताना एअर हँडलिंगला जागा आहे का ते आधी बघा, रंग कोणता द्यायचा ते नंतर.

म्हापशाची_केमिस्ट
मंगळवार, दुपारी ३:४०

काउंटरच्या ह्या बाजूने थोडं. बनवणारे चारच असतात, पुरवणारे आम्ही गल्लोगल्ली. अल्प्राझोलम, झोल्पिडेम, कोडीनचं सिरप, ट्रॅमाडॉल हे सगळं शेड्यूल एच-वनच्या यादीत, २०१४ च्या मार्चपासून. वेगळी वही, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि तीन वर्षं जपायची. ती वही पावसाळ्यात बुरशीपासून कशी वाचवायची ते नियमात नाही, मी कपाटात तांदळाची पुरचुंडी ठेवते.

शेड्यूल एक्स मी ठेवतच नाही. त्याला २०-एफ वेगळं काढावं लागतं, प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत, एक दोन वर्षं माझ्याकडे. होलसेलवाल्याला २०-जी. आमच्याकडे सीझनला हणजुणे, वागातोरकडून पाहुणे येतात, हातात त्यांच्या देशातलं प्रिस्क्रिप्शन, मिथाइलफेनिडेट मागतात किंवा अल्प्राझोलम. बिचारे खरेच पेशंट असतात बऱ्याचदा. पण आपल्याकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरचं प्रिस्क्रिप्शन नसेल तर देता येत नाही. इथल्या डॉक्टरकडे जाऊन लिहून आणा म्हटलं की एकजण मला म्हणाला, समोरच्या गल्लीत तर ह्याच्याहून भारी काहीही मिळतं, तुमच्याकडेच एवढे नियम. काय बोलणार.

पेशंटला एका वेळी शंभर डोस जवळ ठेवता येतात, आणि डॉक्टरने दीर्घकाळासाठी म्हणून स्पष्ट लिहिलं असेल तर तीनशेपर्यंत. हे पुष्कळ पेशंटना माहीत नसतं, मुंबईला मुलाकडे जाताना सहा महिन्यांच्या गोळ्या घेऊन निघतात.

गावठी_कायदेपंडित
मंगळवार, संध्या. ६:१०

काका सगळं बरोबर पण एक्साइजला का उडवलंत? कायद्याच्या कलम १० मध्ये राज्याला अधिकार आहेत, मॉर्फिनचं लायसन राज्याच्या नियमांखालीच. मी स्वतः एका नर्सिंग होमची फाइल बघितलीय त्यात चार वेगवेगळी परमिटं होती.

फाइलवाला_काका
मंगळवार, संध्या. ७:०२

पंडितजी, ती फाइल कुठल्या सालची?

गावठी_कायदेपंडित
मंगळवार, संध्या. ७:१५

२०११-१२ असेल.

फाइलवाला_काका
मंगळवार, संध्या. ७:४५

तेच. तेव्हा तुमचं बरोबर होतं. कलम १० ने राज्यांना मोकळीक होती म्हणून प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, जवळ ठेवायचं एक, वाहतुकीचं एक, दुसऱ्या राज्यातून आणायचं एक आणि तिथून पाठवणाऱ्याचं आणखी एक. बऱ्याच राज्यांत त्यातलं काही एक्साइजकडे काही आरोग्य खात्याकडे. एकाची मुदत संपेपर्यंत दुसरं यायचं नाही. मग २०१४ ला कायद्यात दुरुस्ती झाली, ‘अत्यावश्यक नार्कोटिक औषधं’ नावाचा वर्ग काढला आणि त्याचा अधिकार राज्याकडून केंद्राने स्वतःकडे घेतला. मे २०१५ ला यादी आली, सहाच नावं, मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन, हायड्रोकोडोन. नियम देशभर एकच, आणि हॉस्पिटलला मान्यता देणारा एकच माणूस, राज्याचा ड्रग्ज कंट्रोलर. म्हणजे नियम दिल्लीचा, सही बांबोळीची. एक्साइज ह्या सहातून बाहेर.

बाकीच्या गोष्टींत कलम १० अजून जिवंत आहे, पॉपी स्ट्रॉ (अफूच्या झाडाची सुकी बोंडं), गांजाची लागवड वगैरे.

शिमगो_बाराही_महिने
मंगळवार, संध्या. ७:५०

गांजा म्हटलात म्हणून विचारतो, गोव्यात ते मेडिकलवालं सुरू होणार होतं त्याचं काय झालं? मित्रासाठी विचारतोय.

फाइलवाला_काका
मंगळवार, रात्री ८:१०

तुमच्या मित्राला नमस्कार सांगा. २०२० च्या शेवटी प्रस्ताव कायदा खात्यापर्यंत गेला होता, गदारोळ झाला, सरकारने मागे घेतलं. अधिकार राज्याला आहे, उत्तराखंडने औद्योगिक भांगेला २०१८ लाच लायसन दिलं. इथे नाही. विषय संपला.

पेडण्याचा_डॉक्टर
मंगळवार, रात्री ११:०५

धागा उशिरा वाचला. मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये काम करतो. पंडितजींच्या त्या चार परमिटांच्या काळातलं एक सांगतो.

तोंडाच्या कॅन्सरचे एक काका, पेडण्याच्या आतल्या वाड्यावरचे. जेवण बंद झालेलं ते वेगळं, दुखणं असं की रात्री शेजारी दोन घरं सोडून लोक जागे. मॉर्फिनच्या गोळीची किंमत अशी काहीच नाही, चहापेक्षा स्वस्त पडेल. पण जवळच्या एका हॉस्पिटलकडे ती नव्हती कारण परमिटं एकाच वेळी चालू कधी नसायची. मुलगा पहाटेची बस पकडून लांब जायचा, थोड्या दिवसांच्या गोळ्या आणायचा, परत जायचा. शेवटच्या आठवड्यात बस चुकली. त्या रात्री मी घरी गेलो होतो, माझ्याकडे द्यायला ट्रॅमाडॉल होतं आणि बोलायला काही नव्हतं.

आता हॉस्पिटल ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून नोंदवलं, वेदनाशमनाचं शिक्षण घेतलेला डॉक्टर त्यासाठी नेमला, साठ्याची नोंद ठेवली आणि वर्षाला लागणारा अंदाज ड्रग्ज कंट्रोलरकडे दिला की झालं. माझ्या मते ह्या पूर्ण कायद्यातली सगळ्यात माणुसकीची दुरुस्ती ती. तरी कित्येक जागी अजून मॉर्फिन ठेवत नाहीत कारण डॉक्टरांना अजून जुनीच भीती, नार्कोटिक म्हटलं की पोलीस. नियम बदलला पण नियमाची आठवण बदलली नाही.

शेडवाले, तुम्ही केटामाइनपेक्षा मॉर्फिनच्या गोळीचा विचार करा असं मी म्हणेन. स्वार्थी सल्ला आहे.

शेडवाला_कुंडई
बुधवार, सकाळी ७:३०

डॉक्टर, वाचून गप्प बसलो थोडा वेळ. माझे वडील फोंड्याला असेच गेले, त्यांना गोळी मिळाली होती.

मॉर्फिन मला झेपेल का काका? पावडर कुठून येते?

फाइलवाला_काका
बुधवार, सकाळी ९:५०

इथे ग्वाल्हेर येतं, ज्याच्यावर शिमगोबाब हसले. अफू पिकवायचं लायसन केंद्राचं, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात ठरलेल्या भागातच. ती अफू सरकारी कारखान्यांत जाते, गाझीपूर आणि नीमच. गाझीपूरचा कारखाना १८२० चा, म्हणजे आपल्याकडे पोर्तुगीज अजून एकशेचाळीस वर्षं राहायचे होते तेव्हाचा. पुढे कोडीनसारखा माल कंपन्यांना किती द्यायचा ते वाटप नार्कोटिक्स कमिशनर करतो. मागाल तेवढा मिळेल असं नाही, मागच्या वर्षी किती उचललात किती वापरलात ते बघतात. नव्या माणसाला मागचं वर्षच नसतं. म्हणून पहिल्या वर्षात ह्याच्यामागे लागू नका, लाइन चालू करा, दोन इन्स्पेक्शन स्वच्छ जाऊ द्या.

आणि एक, लीजच्या कागदाबद्दल. पिसुर्ले इंडस्ट्रियल इस्टेटीत २०१८ ला केटामाइनच्या प्रकरणात डीआरआयची (केंद्राच्या महसूल गुप्तचर खात्याची) धाड पडली होती, पेपरात वाचलं असेल सगळ्यांनी. तेव्हापासून शेडमालक धास्तावलेत, आणि बरोबरच आहे, कलम २५ प्रमाणे जागेच्या मालकाने जाणूनबुजून वापरू दिलं तर त्यालाही तीच शिक्षा. तुमचा मालक उगाच प्रश्न विचारतो म्हणून रागावू नका. प्रॉडक्टची यादी लीजमध्येच लिहा. आणि अर्धा शेड कोणाला पोटभाड्याने देऊ नका, दोन महिन्यांसाठीसुद्धा, कितीही पैसे दिले तरी.

म्हापशाची_केमिस्ट
बुधवार, सकाळी १०:१५

पोटभाड्याचं सोन्यासारखं बोललात काका.

शेडवाला_कुंडई
बुधवार, रात्री ९:४०

अपडेट. न्यू जर्सीला फोन केला, जर्सीवाली ताईंची पोस्ट त्याला वाचून दाखवली, दहा मिनिटं गप्प होता, मग म्हणाला इंडियात सगळंच उलटं. मी म्हटलं तुमच्याकडून बघितलं तर.

ठरलंय असं, सर्दीची गोळी स्युडोएफेड्रिन काढून फिनाइलएफ्रिनवर, एनसीबीचा नंबर पहिल्या वर्षी नकोच. अल्प्राझोलम ठेवतोय पण दुसऱ्या टप्प्यात. केटामाइन खोडलं. मॉर्फिन वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय.

एकच शंका राहिली काका. अल्प्राझोलमच्या स्टोअरची चावी मेव्हण्याकडे ठेवली तर चालेल का? तो भागीदार आहे, रोज युनिटवर असणार.

फाइलवाला_काका
बुधवार, रात्री ९:५२

मेव्हणा फार्मसीचा पदवीधर आहे का?

शेडवाला_कुंडई
बुधवार, रात्री ९:५५

नाही. काजूचा व्यापार.

फाइलवाला_काका
बुधवार, रात्री ९:५७

मग चावी तुमच्याकडे. काजूच्या गोदामाची त्याच्याकडे राहू दे.